सत्तावीस विद्यार्थ्यांचा एक प्रश्न

ॲटलास घेऊन त्यातले पॅसिफिक महासागराचे पान उघडा. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर बोट ठेवा आणि ते पूर्वेकडे सरकवत न्या. सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर अंतर ओलांडले की ठिपक्यांची एक माळ लागते. तिचा आकार साधारण इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा आहे. हा वनुआतु देश. बेटे ऐंशीच्या वर, आणि लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. राजधानीचे नाव पोर्ट व्हिला. या गावी दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाचे कायद्याचे महाविद्यालय आहे. हे विद्यापीठ मोठे गमतीचे आहे. ते कोणा एका देशाचे नाही. बारा छोट्या बेट-देशांनी मिळून ते चालवले आहे. त्यामुळे पोर्ट व्हिलाच्या वर्गात सॉलोमन बेटे, फिजी, टोंगा, किरिबाटी, तुवालू अशा ठिकाणची मुलेमुली शेजारी शेजारी बसलेली असतात.

२०१९ साली या महाविद्यालयातील २७ विद्यार्थ्यांपुढे वर्गातच एक काम आले. पृथ्वीचे हवामान बदलत आहे आणि त्याचा तडाखा आपल्या बेटांना बसत आहे. तर यावर कायद्याच्या मार्गाने जास्तीत जास्त काय करता येईल, ते शोधून काढा. वर्गातल्या अशा कामाचे पुढे काय होते ते तुम्ही आम्ही जाणतोच. वही तपासली जाते, गुण मिळतात आणि वर्षाअखेर वही रद्दीत जाते. या मुलांनी मात्र उत्तर शोधले आणि ते मनावर घेतले. उत्तर असे होते, की जगातील सर्वांत वरच्या न्यायालयालाच याबद्दल विचारावे. सहा वर्षांनंतर, २३ जुलै २०२५ रोजी, नेदरलँड्समधील हेग या शहरी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यांच्या प्रश्नाचे उत्तर वाचून दाखवले.

ही हकीगत कायद्याची आहे असे तुम्हांला वाटेल. मी पदार्थविज्ञान शिकवतो. मला तिच्यात रस का वाटावा, हे सांगण्यासाठी आधी एक बाटली लागेल.

सर्वांत मोठी बाटली

औषधाची एक रिकामी काचेची बाटली स्वच्छ धुऊन घ्या. शाईचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याने ती काठोकाठ भरा. बुचाला भोक पाडून त्यातून सलाइनची बारीक पारदर्शक नळी बसवा आणि फटीला मेण लावा. बूच दाबताच थोडे पाणी नळीत चढेल. तेथे खूण करा. आता बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा. नीट लक्ष ठेवले तर दिसेल, की नळीतले पाणी पहिल्यांदा क्षणभर किंचित खाली उतरते, कारण आधी काच तापते आणि बाटलीच फुगते. मग उष्णता आत पोचते आणि पाणी खुणेच्या वर चढू लागते.

गेली वीस वर्षे मी द्रवांचे प्रसरण शिकवताना तापमापकातल्या पाऱ्याचे आणि उन्हात ठेवलेल्या रॉकेलच्या डब्याचे उदाहरण देत आलो. समुद्र ही सर्वांत मोठी बाटली आहे, हे उदाहरण पाठ्यपुस्तकात नव्हते म्हणून मलाही कधी सुचले नाही. आकडेमोड तर अगदी सोपी आहे. समुद्राचे पाणी एक अंश सेंटिग्रेडने तापले, तर त्याचे आकारमान दहा हजारांत सुमारे दोन भागांनी वाढते. (उष्ण प्रदेशात थोडे अधिक, थंड प्रदेशात कमी.) समजा, समुद्राचा वरचा ५०० मीटर जाडीचा थर एका अंशाने तापला. पाण्याला बाजूला पसरावयास जागा नाही, तेव्हा ते वरच चढणार. ५०० मीटरला दहा हजारांनी भागून दोनाने गुणा. उत्तर येते ०.१ मीटर, म्हणजे १० सेंटिमीटर. बर्फाचा एक कणही न वितळता!

पृथ्वीवर जी जादा उष्णता साठत आहे, तिच्यातील शेकडा नव्वदहून अधिक भाग समुद्रात जातो. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी जेवढी वाढली, तिच्यातील सुमारे निम्मी वाढ या प्रसरणामुळे झाली, असे शास्त्रज्ञांचा हिशेब सांगतो. उरलेली मुख्यतः जमिनीवरचे बर्फ वितळल्यामुळे. ‘जमिनीवरचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेल्यात तरंगणारा बर्फाचा खडा वितळला तरी पेला सांडत नाही, हे आर्किमिडीजचे तत्त्व शिकलेल्या मुलाला सांगावयास नको. समुद्रावर तरंगणारे बर्फ वितळून पातळी जवळजवळ वाढत नाही. ग्रीनलंडच्या किंवा हिमालयाच्या अंगावरचे वितळले की वाढते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली. २००६ नंतर हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत गेला.

वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. तेवढ्याने काय होते, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. प्रवाळाच्या बेटावर राहणाऱ्याला विचारा. किरिबाटी, तुवालू येथील बेटे समुद्रापासून दोन-तीन मीटरच उंच. तेथे नद्या नाहीत. पावसाचे पाणी सच्छिद्र जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याची घनता १.०००, खाऱ्याची १.०२५. यावरून हिशेब केला, तर समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याचा दर एक मीटर थर तोलून धरण्यासाठी सपाटीखाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी असावे लागते. भिंगाच्या आकाराचा हा गोड्या पाण्याचा साठा हेच त्या बेटाचे तळे आणि हीच विहीर. बेटाची कड खचली, किंवा भरतीची लाट वरून आत शिरली, की हे भिंग आक्रसते. विहिरीचे पाणी मचूळ होते आणि खड्ड्यात लावलेली अळूची पिके जळतात. घर बुडण्याच्या पुष्कळ आधी पिण्याचे पाणी संपते. बातम्यांत ‘बेट बुडाले’ असे येते तेव्हा हा मधला अंक आपल्याला दिसत नाही.

रंगावरून पडलेले नाव

आता त्या मुलांकडे वळू. वनुआतु, सॉलोमन बेटे, फिजी या भागाला मेलानेशिया म्हणतात. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘काळी बेटे’. द्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याने १८३२ साली हे नाव रूढ केले, आणि ते जमिनीच्या नव्हे, तेथील माणसांच्या कातडीच्या रंगावरून. पुढे १८६३ पासून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी याच बेटांवरून साठ हजारांहून अधिक माणसे नेण्यात आली. पुष्कळांना फसवून, काहींना पळवून. १९०६ पासून वनुआतुवर इंग्रज आणि फ्रेंच या दोघांनी मिळून राज्य केले. एकाच देशात दोन कायदे आणि दोन पोलिसदले होती. ३० जुलै १९८० रोजी देश स्वतंत्र झाला. म्हणजे ज्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले त्या मुलांचे आईबाप परकी राज्यात जन्मले होते.

फिजीचा इतिहास आपल्याला अधिक जवळचा आहे. १८७९ ते १९१६ या काळात हिंदुस्थानातून हजारो गिरमिटिया मजूर तेथे नेले गेले. त्यामुळे या विद्यार्थ्यांच्या संघटनेचा संचालक म्हणून विशाल प्रसाद हे नाव वाचले तर दचकू नका. तो फिजीचा आहे.

यंत्रयुगाची भट्टी या बेटांवर कधी पेटलीच नाही. कोळसा जाळून कारखाने उभे राहिले ते इंग्लंडात, जर्मनीत, अमेरिकेत. पॅसिफिकमधील सगळ्या छोट्या बेट-देशांचे उत्सर्जन एकत्र केले तरी ते जगाच्या उत्सर्जनाच्या शेकडा ०.०३ हूनही कमी भरते. उलट तडाखा पाहा. मार्च २०१५ मध्ये ‘पाम’ हे चक्रीवादळ वनुआतुवर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटर होता. वादळाचे इंधन म्हणजे तापलेल्या समुद्राची वाफ, आणि हवेचे तपमान एका अंशाने वाढले की तिची वाफ सामावण्याची क्षमता शेकडा सातने वाढते. म्हणून वादळांची संख्या वाढो न वाढो, त्यांतील जबर वादळांचे प्रमाण वाढते.

ज्याने भट्टी पेटवली तो एक, आणि ज्याच्या घरात धूर शिरला तो दुसरा. या तक्रारीला ‘हवामान-न्याय’ असे नाव पडले आहे. तक्रार जुनीच आहे. १९९१ साली वनुआतुने छोट्या बेटांच्या गटातर्फे सुचवले होते, की समुद्र चढल्यामुळे होणाऱ्या नुकसानीसाठी श्रीमंत देशांच्या पैशातून विम्यासारखा एक निधी उभारावा. तशा निधीचा निर्णय व्हावयास २०२२ साल उजाडले! २०११ साली पलाऊ या दुसऱ्या बेट-देशाने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्ला मागण्याचा प्रयत्न केला होता, पण तो पुढे सरकला नाही.

प्रश्न कसा विचारावा

या २७ विद्यार्थ्यांनी नेमके काय वेगळे केले? माझ्या मते त्यांनी प्रश्न चांगला विचारला. भौतिकीचा कोणताही विद्यार्थी सांगेल, की प्रश्न नीट मांडला की निम्मे गणित सुटते.

‘अमुक देशाने आमचे नुकसान केले, त्याला शिक्षा करा’ असे ते म्हणू शकले असते. पण आंतरराष्ट्रीय न्यायालयात एका देशाला दुसऱ्यावर फिर्याद लावावयाची, तर दुसऱ्यानेही त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला असावा लागतो; आणि बलाढ्य देश तो सहसा करीत नाहीत. दुसरी एक वाट आहे. संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा न्यायालयाला एखाद्या कायदेशीर मुद्द्यावर सल्ला विचारू शकते. त्यासाठी कोणाची संमती लागत नाही, फक्त आमसभेत बहुमत लागते. मुलांनी ही वाट निवडली. ‘हवामानबदलाशी झुंजणारे पॅसिफिक बेटांवरील विद्यार्थी’ अशा अर्थाचे लांबलचक नाव त्यांनी आपल्या संघटनेला दिले आणि पॅसिफिकमधील देशांच्या प्रमुखांना पत्रे लिहिली. दखल घेतली ती वनुआतुच्या सरकारने. राल्फ रेगेनवानु तेव्हा तेथे परराष्ट्रमंत्री होते. पुढे ते हवामानखात्याचे मंत्री झाले आणि शेवटपर्यंत या कामाच्या मागे उभे राहिले.

नंतरची तीन वर्षे चिकाटीची होती. २०२० मध्ये साथीमुळे वनुआतुच्या सीमा बंद झाल्या आणि त्याच एप्रिलमध्ये ‘हॅरोल्ड’ वादळ येऊन गेले. मुले पदवी घेऊन आपापल्या बेटांवर पांगली होती. तेथून ती लोकांच्या जबान्या गोळा करीत राहिली. कोणाची बाग खारावली, कोणाचे पूर्वजांचे दफनस्थान लाटांनी उघडे पडले, हे ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगावे, अशी त्यामागची कल्पना. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका येथील तरुणही येऊन मिळाले. मला विशेष वाटते ते याचे, की या सगळ्या खटाटोपात त्यांनी प्रश्नाच्या शब्दरचनेवरचे लक्ष ढळू दिले नाही. मसुदे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी प्रश्नाचे दोनच भाग राहिले. आजच्या आणि उद्याच्या पिढ्यांसाठी हवामान सांभाळण्याची देशांवर कायद्याने काय जबाबदारी आहे? आणि ज्यांनी आपल्या कृतीने वा निष्क्रियतेने मोठी हानी केली, त्यांना त्याचे कायदेशीर परिणाम कोणते?

मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात ‘जूडी’ आणि ‘केव्हिन’ अशी दोन चक्रीवादळे दोन दिवसांच्या अंतराने वनुआतुवर आदळली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला न्यूयॉर्क येथे आमसभेपुढे ठराव आला. १३२ देशांनी त्याच्यावर सहपुरस्कर्ते म्हणून सह्या केल्या होत्या. अमेरिका आणि चीन त्या यादीत नव्हते. पण विरोध कोणी केला नाही आणि ठराव एकमताने संमत झाला.

रेणूवर नाव नसते

आता खरा पेच. कारखान्याने नदीत विष सोडले तर पाण्याचा माग काढत वर जाता येते. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. पुण्यात किंवा शिकागोत सोडलेला वायू वर्ष-दोन वर्षांत साऱ्या वातावरणात मिसळून जातो. म्हणूनच तर पॅसिफिकमधल्याच हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर एका जागी बसून साऱ्या जगाचा हिशेब ठेवता येतो. तेथे १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. यंत्रयुगाच्या आधी तो सुमारे २८० होता. २०२४ मध्ये ४२० च्या वर गेला. पण कोणता रेणू कोणाचा? रेणूवर देशाचे नाव छापलेले नसते. मग दोष कोणाला द्यावयाचा?

येथे भौतिकी मदतीला येते. शास्त्रज्ञांना असे आढळले आहे, की तपमानातील वाढ ही आजवर सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ सम प्रमाणात असते. दर १००० अब्ज टनांना सुमारे ०.४५ अंश. (अब्ज म्हणजे शंभर कोटी.) १८५० ते २०१९ पर्यंत माणसाने सुमारे २४०० अब्ज टन वायू सोडला. गुणाकार करून पाहा: २.४ गुणिले ०.४५ बरोबर १.०८. २०१० ते २०१९ या दशकात प्रत्यक्ष मोजलेली वाढ होती १.०६ अंश. इतर वायू आणि धूलिकण यांचे परिणाम पुष्कळसे एकमेकांना खोडतात, म्हणून हा मेळ इतका नेटका दिसतो. तेव्हा त्यावर फार भाळून जाऊ नका. पण मुद्दा पक्का आहे. नाते सम प्रमाणाचे असेल, तर रेणू ओळखण्याची गरजच नाही. प्रत्येकाने एकंदर किती सोडले याची बेरीज पुरे. धान्याच्या कोठारातून कोणी किती पोती नेली याची नोंद असेल, तर दाणा ओळखावा लागत नाही.

ही नोंद बरीच चांगली आहे. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट एवढ्यांचाच आजवरचा हिशेब धरला, तर अमेरिकेचा वाटा सुमारे चौथाई येतो. भारताचा शेकडा तीन ते चार, आणि आपली लोकसंख्या मात्र जगाच्या सहाव्या भागाहून अधिक. दरडोई पाहिले तर आपण वर्षाला सुमारे दोन टन सोडतो, अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास. पण दरसालचा एकूण आकडा घेतला तर आज चीन आणि अमेरिका यांच्या मागोमाग तिसरा क्रमांक आपलाच लागतो, हेही सांगितले पाहिजे. कोणता आकडा पुढे करावयाचा यावर कोण दोषी दिसतो ते ठरते. वादविवाद स्पर्धेत उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हेग येथे

न्यायालयाने एक फार चांगली गोष्ट केली. सुनावणी सुरू होण्याच्या थोडे आधी, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, न्यायाधीशांनी हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या शास्त्रज्ञांना भेटीस बोलावले आणि विज्ञान काय सांगते ते समजून घेतले. मग २ ते १३ डिसेंबरपर्यंत ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तोंडी म्हणणे मांडले. सर्वांत प्रथम वनुआतु आणि मेलानेशियन देशांचा गट उभा राहिला. बोलणाऱ्यांत सॉलोमन बेटांवरची सिंथिया हौनिउही होती, त्या २७ जणांपैकी एक आणि संघटनेची अध्यक्ष. जमीन गेली तर आमचे शरीर, आमच्या आठवणी आणि आमची नाती यांची मुळेच तुटतील, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

मोठ्या उत्सर्जक देशांपैकी बहुतेकांचे म्हणणे असे पडले, की हवामानाविषयी पॅरिस करारासारखे करार आहेत, तेवढे पुरेत. न्यायालयाने त्यापलीकडे जाऊ नये. भारताने ५ डिसेंबरला आपली बाजू मांडली. ज्यांनी आधी आणि अधिक प्रदूषण केले त्या श्रीमंत देशांनी आधी भार उचलावा, हे त्यातले म्हणणे बेटांच्या बाजूचेच होते. पण कराराबाहेरच्या नव्या जबाबदाऱ्या लादू नयेत, हे दुसरे म्हणणे बेटांच्या विरुद्ध जाणारे होते. आपला देश दोन्ही बाकांवर थोडा थोडा बसला होता, असे म्हटले तर चूक होणार नाही.

२३ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष युजी इवासावा यांनी मत वाचले. ते एकमताचे होते. न्यायाधीशांत भारताचे दलवीर भंडारी हेही होते. करार पुरेत, हे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. करारात असो वा नसो, हवामानाची मोठी हानी टाळण्यासाठी दक्षता बाळगणे हे प्रत्येक देशाचे कर्तव्य आहे. वाढ दीड अंशापर्यंत रोखणे हेच देशांनी मान्य केलेले मुख्य लक्ष्य आहे. जळणाच्या खाणींना परवाने देणे, त्यांना सवलती देणे हेसुद्धा कर्तव्यभंगाच्या सदरात येऊ शकते. जमीन बुडाली म्हणून देश नाहीसा होतोच असे नाही. आणि ज्या मुद्द्याची मी वाट पाहत होतो तोही त्यात आला: प्रत्येक देशाचा एकूण उत्सर्जनातला वाटा, जुना आणि नवा धरून, विज्ञानाने काढता येतो. म्हणजे रेणूवर नाव नसल्याची सबब न्यायालयाने मान्य केली नाही.

हे मत सल्ला आहे, हुकूम नव्हे. कोणाला दंड झालेला नाही. २०२५ च्या अखेरीस या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या बाजूने झटलेले ग्वाम बेटावरचे वकील ज्युलियन अगुआन यांना ‘राइट लाइव्हलीहुड’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. पण नुकसानभरपाई मागावयाची, तर अमुक कृत्य आणि अमुक हानी यांच्यामधला दुवा पुरेसा थेट आणि निश्चित आहे असे प्रत्येक बाबतीत दाखवावे लागेल, असेही न्यायालयाने म्हटले आहे. हे काम किती अवघड आहे पाहा.

सुनावणी संपल्यावर चारच दिवसांनी, १७ डिसेंबर २०२४ रोजी, पोर्ट व्हिलाला ७.३ प्रतीचा भूकंप झाला. इमारती कोसळल्या, माणसे दगावली. भूकंपाचा आणि हवामानबदलाचा काही संबंध नाही. वनुआतुच्या खाली भूकवचाचे एक पट्ट दुसऱ्याखाली सरकत असते, तेथील बेटे त्यामुळे उठत आणि खचत असतात. ‘वाय’ अक्षराच्या डाव्या शेंड्यावर तोरेस बेटे आहेत. त्यांतील तेगुआ बेटावरची लातेऊ ही छोटी वस्ती भरतीच्या पाण्याने हैराण होऊन आत उंचावर हलली. हवामानबदलामुळे उठलेले पहिले गाव म्हणून २००५ साली तिचे नाव जगभर गेले. पुढे संशोधकांनी तेथे उपग्रहांच्या साहाय्याने जमिनीची उंची मोजली. २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की १९९७ ते २००९ या १२ वर्षांत समुद्र सुमारे १५० मिलिमीटर चढला आणि त्याच काळात जमीन सुमारे ११७ मिलिमीटर खचली. किनाऱ्यावर उभ्या माणसाला दिसली ती या दोहोंची बेरीज, २६७ मिलिमीटर.

पुढे जा. जगाची सरासरी त्या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटरच्या आसपास होती. बारा वर्षांत ४० मिलिमीटर. मग १५० कोठून आले? त्या वर्षांत व्यापारी वारे जोरात वाहत होते आणि त्यांनी पाणी पश्चिम पॅसिफिककडे ढकलून ठेवले होते. म्हणजे २६७ पैकी ११७ भूकवचाचे, ४० तापलेल्या पृथ्वीचे, आणि उरलेले ११० बव्हंशी वाऱ्याचे. वाऱ्याचा जोर आपोआप वाढला की त्यातही माणसाचा हात आहे, हे वेगळे करणे सोपे नाही.

एवढ्यावरून त्या मुलांचा दावा लटका पडतो, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. भूकवच पुन्हा वर उचलले जाऊ शकते, वारे मंदावू शकतात. ४० चा आकडा मात्र एकाच दिशेने, आणि दरवर्षी अधिक वेगाने, वाढत जाणारा आहे. पण लातेऊच्या वतीने उद्या कोणी वकील न्यायालयात उभा राहिला, तर समोरचा वकील त्याला पहिला प्रश्न ११७ चाच विचारील. त्याला उत्तर देण्यासाठी शेजारी भरतीमापक, उपग्रहाच्या नोंदी आणि त्या वाचता येणारा माणूस लागेल.

लातेऊचे लोक आता वरच्या बाजूस राहतात. खाली, जुन्या जागेजवळच्या नारळीच्या बागेत, पाणी साचलेले असते.